मानेभाई आणि मागच्या सीटची गरमी

मानेभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर पिस्तूल रोखलं होतं. आम्ही बडोद्याच्या छाणी भागातल्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतलं सामान वर चढवून मी घामाघूम होऊन जिन्यात बसलो होतो. समोरच्या दारातून पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ बाहेर आले. त्यांनी एक लाल ठिपका माझ्या भुवयांच्या मधोमध आणला, चाप ओढला, पिस्तुलाच्या पाठीवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "बराबर छे. आत या, पाणी घ्या."

ते पिस्तूल म्हणजे लांबून तापमान मोजायचं यंत्र. कोरोनात दुकानांच्या दारात कपाळाला लावायचे ना, त्याचाच कारखान्यात वापरतात तो थोरला भाऊ. मानेभाई ते पट्ट्याला अडकवूनच हिंडतात. चहा आला की आधी कपावर धरतात. गणपतीच्या आरतीचं तबक समोर आलं की सगळे ज्योतीवरून हात फिरवतात, मानेभाई आधी मोजतात आणि मग नमस्कार करतात. एकदा आमच्या हिने गरमागरम म्हणून पाठवलेली पुरणपोळी त्यांनी मोजली आणि "गार झालीय, पण चांगली आहे" असा निरोप धाडला. त्यानंतर बरेच दिवस पुरणपोळी त्या घरी गेली नाही.

मूळचे माने. पण बडोद्यात जन्म गेला की माणसाला 'भाई' लागतोच, तसे ते मानेभाई झाले. सारी नोकरी बाजव्याकडच्या रिफायनरीत झाली, तीही तापलेलं तेल थंड करण्याच्या खात्यात. तिथून निवृत्त होताना माणसं घड्याळ आणि शाल घेऊन येतात. मानेभाई एक सिद्धान्त घेऊन आले. "उष्णता मरत नाही हो सर, फक्त बिऱ्हाड बदलते." मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे मला हे पटायला काहीच हरकत नव्हती. पण हे वाक्य ते भाजीवाल्यालाही ऐकवत, आणि सोसायटीच्या सभेत दोन गृहस्थ हमरीतुमरीवर आले की त्यांनाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक भलीमोठी मोटारसायकल घेतली. दूरच्या प्रवासाची, बाजूला पेट्या लावलेली, पुढे काच असलेली. या वयाची माणसं चारधामला जातात, तुम्ही हे काय घेऊन बसलात, असं सगळ्यांनी विचारून पाहिलं. मानेभाईंचं चारधाम म्हणजे नवसारी. शैलाकाकींचं माहेर. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळसणाला दोघं जुन्या मोटारसायकलवरून नवसारीला गेली होती आणि मग मुलगी, नोकरी, तिथल्या दिवस-रात्रीच्या पाळ्या या सगळ्यात तसं जाणं राहूनच गेलं. आता पुन्हा तसंच जायचं, एवढ्यासाठी हा सारा घाट.

गेल्या उन्हाळ्यात, आम्ही इथे राहायला यायच्या जरा आधी, गेलेही. भरूचच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. एवढं थोरलं इंजिन जागच्या जागी तापत राहिलं, पंखा गरम वारा मागे फेकत राहिला, आणि दोघं तिथूनच माघारी आली. त्या दिवसापासून मागची सीट रिकामी. काकी रेल्वेने जातात, मानेभाई जातच नाहीत. पाय भाजल्यामुळे शैलाबेननी पुन्हा गाडीवर न बसण्याची शपथ घेतली आहे, हे सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि ती शपथ मोडावी म्हणून मानेभाई गाडी थंड करायच्या मागे लागले आहेत, हेही.

मागे लागले म्हणजे किती, हे सांगायला हवं. आधी इंजिन थंड ठेवणारं पाणी बदललं. मग रेडिएटरला दुसरा पंखा आला. मग ऑइल कूलर. मग सीटखाली चंदेरी पत्र्याचं अस्तर. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पेट्रोल जरा सढळ हाताने दे पण तापू नकोस, असं शिकवून आणलं. जकातनाक्याजवळच्या अश्विनभाईंच्या गॅरेजात मानेभाईंसाठी एक खुर्चीच राखून ठेवलेली असे. अश्विनभाई एकदा कंटाळून म्हणाले, "काका, आ बाइक छे के फ्रिज?" मानेभाईंना ती स्तुती वाटली.

मग सायलेन्सरच्या नळीला गुंडाळायची पट्टी आली. नळीची आग नळीतच राहावी म्हणून ती गुंडाळतात, आणि पहिल्यांदा तापली की ती भरपूर धूर सोडते. हे पाकिटावर लिहिलेलं होतं, पण पाकीट मानेभाईंच्या खिशात होतं. त्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू केली आणि स्वतः धुराच्या आत उकिडवे बसून पिस्तूल रोखून धरलं. वॉचमन "आग लागी" म्हणत वाळूची बादली घेऊन धावला आणि त्याने ती गाडीसकट मानेभाईंवर रिकामी केली. मिशीतली वाळू झटकत ते एवढंच म्हणाले, की वाळूने आकडा चुकतो.

पण खरा कळस झाला वाळ्याचा. कूलरला वाळ्याचे ताटे लावतात, मग रेडिएटरला का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं. ते ताटे आणले, भिजवले, रेडिएटरपुढे ऐटीत बांधले आणि गाडी पाणीगेटला नेली. वाळ्याने वाराच अडला. उभ्या आयुष्यात रिफायनरीतलं तेल ज्याने उकळू दिलं नाही, त्या माणसाची गाडी पाणीगेटच्या भर बाजारात उकळली. वास मात्र असा सुटला की सरबताची गाडी आली समजून दोन बायका भाव विचारून गेल्या. मी मागे बसलो होतो, म्हणून सांगतो.

हो, मागे मी असायचो. काकी बसत नाहीत म्हटल्यावर चाचणीला कुणीतरी हवं, आणि समोरच्या दारात राहण्याची काहीतरी किंमत मोजावीच लागते. चाचणी उन्हाळ्यातल्या भर दुपारी, मुद्दाम गर्दीच्या रस्त्यांवरून. ती संपली की सेवउसळीच्या गाडीपाशी थांबायचं, मी पँट गुडघ्यापर्यंत वर करायची आणि मानेभाईंनी माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. उसळ खाणारी मंडळी हात थांबवून बघत. एकदा माझ्या वर्गातली मुलंच तिथे होती, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या पायांचं बऱ्यापैकी चित्र होतं. प्रमाण चुकलं होतं, पण ते असो.

मी त्यांना म्हणायचो, अहो मानेभाई, मोजताय कशाला, मी सांगतो ना, अजिबात गरम लागत नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "लागत नाही, याला काही अर्थ नाही सर. आहे की नाही, ते बोला." मला याचा रागही यायचा. पोटरी माझी आणि भरवसा पिस्तुलावर.

या वर्षी चैत्रात नवसारीहून बोलावणं आलं. काकींच्या थोरल्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वडिलांच्या जागी असलेला भाऊ, एक्याऐंशी दिव्यांनी त्याला ओवाळायचं, बहिणीला जायलाच हवं. मानेभाई म्हणाले, तू रेल्वेने पुढे हो. काकी म्हणाल्या, गेलो तर दोघं जाऊ, नाहीतर कुणीच नको. दोन्ही दारं उघडी असल्यामुळे हे मला ऐकावंच लागलं.

म्हटलं, आता आपण मध्ये पडावं. मानेभाई गॅरेजात गेलेले पाहून मी काकींकडे गेलो. त्या कैऱ्या किसत होत्या. मी गाडीची बाजू मांडली. म्हटलं, काकी, माणसाने वर्षभर जिवाचं रान केलंय, गाडी आता खरंच थंड झालीय, एकदा शपथ मोडा आणि बसा.

काकींनी किसणी खाली ठेवली.

"मी कधी नाही म्हटलं, सर?" त्या म्हणाल्या. "मी तर रोज म्हणते, चला. हेच मला बसू देत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. गुडघ्याखाली गरम नाही, गार नाही, काही नाही. हे हळूहळू होत गेलं आणि त्यांना स्वतःलाच ते कळलं नव्हतं. भरूचच्या पुलावर मानेभाई सारखे वळून विचारत होते, गरम होतंय का, आणि त्या खरं तेच सांगत होत्या, की नाही, काही नाही. पूल ओलांडून चहाला उतरल्या तेव्हा पोटरीवर हा एवढा फोड टरारून आलेला. काकी म्हणाल्या, मला दुखलंसुद्धा नाही हो, पण यांचा चेहरा बघवेना. तिथून परतताना त्यांनी काकींना रेल्वेत बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून ते पिस्तूल आणलं.

मला आमची पुरणपोळी आठवली आणि फार वाईट वाटलं. मी विचारलं, मग सगळी सोसायटी तुम्हाला हट्टी म्हणते, ते तुम्ही का ऐकून घेता?

"म्हणू देत ने," काकी पुन्हा किसायला लागत म्हणाल्या. "माझ्या हट्टाला कोण हसतंय? पण ते घाबरतात असं कुणी म्हटलेलं मला नाही चालणार."

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली. हायवेने करजणपर्यंत, टळटळीत दुपारी, ट्रकांच्या मागे रांगेत. मी मागे अगदी निवांत होतो, डुलकीच लागायची बाकी होती. परत आल्यावर माझ्या पोटऱ्या मोजून झाल्या, आकडा मनासारखा आला, मानेभाई खुशीत सेवउसळ सांगायला निघाले आणि लंगडले. मी त्यांच्या पँटचा पाय वर करून पाहिला. मोज्याच्या वर पोटरी लालभडक झाली होती.

मग वाकून गाडीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना अश्विनभाईंकडून एकेक वळवलेला पत्रा बसवून घेतला होता. इंजिनाचा गरम वारा मागच्या पायांपर्यंत पोचायच्या आधीच तो पत्रा त्याला अडवत होता. आणि अडवलेला वारा जाणार कुठे? चालवणाऱ्याच्या पायांवर. वर्षभर खटपट करून या माणसाने ती आग फक्त एक सीट पुढे आणून ठेवली होती.

मी जरा चिडूनच विचारलं, की हा कुठला शहाणपणा.

मानेभाईंनी पँट खाली ओढली. "मला कळतं ना सर," ते म्हणाले. "ज्याला कळतं, त्याला चटका बसला तर तो पाय तरी हलवतो." आणि मग हळूच, "शैलाला बोलू नका." मी बोललो नाही. त्या दिवशी उसळीत तर्री मी नेहमीपेक्षा जास्त घेतली, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तर कारण असावं.

निघायच्या सकाळी सोसायटी फाटकाशी जमली होती. शैलाबेनची शपथ मोडली म्हणून सगळ्यांना कोण आनंद. कुणी नारळ फोडला, वॉचमन उगाचच वाळूची बादली घेऊन उभा होता. काकी पंजाबी ड्रेस आणि जाडजूड बूट घालून आल्या, मानेभाईंच्या खांद्याला धरून मागे चढल्या, नीट बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "अहो, पाय भाजतोय माझा."

मानेभाई ताडकन उतरले आणि पिस्तूल काढून खाली वाकले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की गाडी अजून चालूच केलेली नाही. काकी हसत होत्या. मानेभाई आधी ओशाळले आणि मग असे हसले, की त्या मिशांखाली इतके दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी नवसारीहून त्यांचा फोन आला. पोचलो, म्हणाले, पुलावर रांग होती, पण हिचे पाय उत्तम आहेत, आकडा सांगू का? मागून सनईची रेकॉर्ड आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. आकडा सांगायच्या आत काकींनी फोन ओढून घेतला.

"सर, यांच्या पोटरीला कोरफड लावत बसलेय मी," त्या म्हणाल्या. "फोड आलाय चांगला. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मी म्हटलं, सनई छान वाजतेय.

"माझं सोडा, मला कळत नव्हतं म्हणून मी गप्प बसले. यांना तर सगळं कळत होतं. मग भरूचपासून इथपर्यंत एकदा तरी तोंडातून अवाक्षर का नाही काढलं, ते तुम्हीच विचारा यांना."

आणि त्यांनी फोन मानेभाईंकडे दिला. मी विचारलं. 

"अहो, ती मागे गाणं गुणगुणत होती," मानेभाई म्हणाले. "मध्येच कुठे बोलू?"