कुशलराव दिग्दर्शक यांची उंद्रीची स्वारी

श्री. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी मौजे उंद्री, प्रांत बुलढाणा, येथे पंजाबी गाण्याचे चित्रीकरणाचे जे तुंबळ युद्ध जाहाले, त्याची हकीकत यथास्थित लिहितो. ज्यांस हसू येईल त्यांनी खुशाल हसावे. कुशलराव यांस अद्याप आलेले नाही.

कुशलराव उंद्रीचेच, शेतकरी कुळातले. सहा वर्षांमागे पंजाबी गाण्यांचे दिग्दर्शनात नाव काढावे ऐसा मनसुबा करून मोहालीस गेले आणि तेथे दोन वर्षे धुराचे यंत्र सांभाळिले आणि मग तीन वर्षे भाड्याचे मोटारींवरील धूळ पुसली आणि मग एक गाणे खासा दिग्दर्शिले, त्यात गाणे तीन मिनिटे आणि ट्रॅक्टर अडीच मिनिटे. पण पडद्यावर नाव दुसऱ्याचेच पडले. तेव्हा घोर प्रतिज्ञा केली की, आपले नाव पडद्यावर उमटेतो डोळ्यांवरील काळा चष्मा उतरविणार नाही.

मग गुरबाजसिंग नामे नवे गवई यांनी फर्माविले की, गाण्यास सरसोंचे, म्हणजे मोहरीचे, शेत पाहिजे. पंजाबातील चांगली शेते मातब्बर दिग्दर्शकांनी आधीच अडविली होती, सबब कुशलरावांनी अर्ज गुजारिला की, आमचे मुलखी नजर पोहोचेतो सरसोंच आहे. पुरावा म्हणाल तर चुलती गोजरबाई यांनी फोनवर धाडिलेली शेताची तसबीर. काळ्या चष्म्यातून ते पिवळे दिसले, इतकेच.

फौज उंद्रीस दाखल जाहाली. गवई एक, कॅमेरे दोन, ड्रोन एक, चिखलीहून आणिलेले नाचे आठ. गोजरबाई शेताचे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडव्या जाहाल्या.

"काऊन रे कुशल, हे करडी व्हय बाप्पा! काटे हायेत. रोहीसारखं जनावर पाय टाकत नाही हिच्यात, अन् तू पाव्हण्याले नाचवून राह्यला?"

"काकू, कॅमेऱ्यात काटे दिसत नाहीत."

"पायाले दिसतात ना बे!"

गवई स्वतः जमीनदाराचे पुत्र. पाने पाहून शंका घेते जाहाले. तो कुशलराव बोलिले की, ही महाराष्ट्राची सरसों, जरा तिखट असते. आणि ढोल वाजला आणि गवयांनी पाय उचलिला आणि खाली ठेविला आणि मग जी किंकाळी फुटली ती ढोलाचे वर गेली. आठही नाचे ऐसे उडाले की, तैसा भांगडा खुद्द पंजाबात कोणी पाहिला नसेल. कुशलराव मात्र "वन्स मोअर" म्हणत राहिले.

मग गवयांनी गाडीत बसून, पाय खिडकीबाहेर काढून, हुकूम सोडिला: ज्याने मज काट्यांत घातले त्याचे नाव गाण्यात येणार नाही. हे ऐकोन कुशलराव मटकन खाली बसले, तेही करडीतच. सहा वर्षे बुडत होती. अखेर तह ठरला की, गवयांनी धुऱ्यावरून मुखडा दाखवावा, आणि गवयांचा पोशाख चढवून पाठमोरे काट्यांत कुशलरावांनी नाचावे, तर नाव राहील. आणि ते चार तास नाचले. गोजरबाईंनी हळद उगाळून ठेविली.

माघ मासी गाणे प्रसिद्ध जाहाले. सारी उंद्री फोनभोवती जमली. आरंभी नावे आली ती गुरमुखी या पंजाबी लिपीत.

"तुहं कोणतं?" गोजरबाईंनी पुसले.

कुशलरावांनी काळा चष्मा उतरविला, छाती काढिली आणि एका ओळीवर अंदाजाने बोट ठेविले. ती ओळ मोटारी पुरविणाऱ्याची होती. त्यांची स्वतःची तिच्या वरची. परंतु नाव आले, हे खरे. सबब फत्ते कुशलरावांची, ऐसे नमूद केले असे.