बदलीचं बिऱ्हाड

कुमुदकाकू तीसेक वर्षं दिल्लीत राहिल्या, पण हिंदीचा एक शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. समजायचं सगळं. बोलायच्या मात्र मराठी, तीही अस्सल सांगलीची, मग समोर मीटर बघायला आलेला माणूस असो की मुलीकडचा पंजाबी व्याही. करोलबागेतला त्यांचा भाजीवाला शेवटी "घासाघीस नको" असं स्वच्छ मराठीत म्हणू लागला होता.

"आमचं काय, बदलीचं बिऱ्हाड," असं त्या म्हणत. काकांची बदली दोन वर्षांसाठी झाली होती. ती दोन वर्षं संपलीच नाहीत, काका मात्र संपले. तरी काकू फोल्डिंगच्या खाटेवरच झोपत. पलंग घ्यायचा तो सांगलीला गेल्यावर! तिथे काकांनी कोपऱ्यावरचा प्लॉट घेऊन ठेवला होता.

पुढे मुलाने गुडगावात फ्लॅट घेतला. तेव्हा गुडगावात इमारती आधी आल्या होत्या, रस्ते मागाहून येणार होते. मीही त्याच इमारतीत राहायचो. आमच्या मजल्यावर तीन दारं: एक माझं, एक काकूंचं, आणि तिसऱ्यात एका नव्या कारखान्यात आलेला स्पॅनिश इंजिनिअर आणि त्याची म्हातारी आई, पिलारबाई. बाईंना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. मुलगा कामावर गेला की दिवसभर जिन्यापाशी उभ्या राहायच्या.

एके दिवशी काकू मला म्हणाल्या, "दर्यागंजात रविवारी जुनी पुस्तकं मिळतात ना? स्पॅनिशचं एखादं आण."

"अहो काकू, हिंदी सोडून एकदम स्पॅनिश?"

"हिंदी शिकायला मी काय इथे कायमची आलेय?"

मी पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर, न्हाणीघर असलेली खोली मिळेल का, असा प्रश्न होता. काकूंनी पान उलटलं. "मला एकच विचारायचंय. तुम्ही घरी परत कधी जाणार?"

"शेजारणीला पहिलंच हे विचारणार? हाकलताय असं वाटेल तिला."

"वाटेल कसं? मला कुणी विचारलं तर मला आनंद होतो."

मग वयाच्या पासष्टीला काकूंचं पाठांतर सुरू झालं. मेथी निवडताना, वाती वळताना, "क्वांदो व्वेल्वे आ कासा, क्वांदो व्वेल्वे आ कासा." सुनेला वाटलं, सासूबाईंनी नवीन स्तोत्र धरलंय. तिने भक्तिभावाने उदबत्ती लावली.

शेवटी काकूंनी जिन्यापाशी पिलारबाईंना गाठलं आणि उलटतपासणी घ्यावी तसा प्रश्न टाकला. मी दारात जीव मुठीत धरून उभा. पिलारबाई आल्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच हसल्या. "प्रोंतो!" म्हणाल्या. म्हणजे लवकरच. काकूंनी पुस्तकात बघून खात्री करून घेतली.

तेव्हापासून रोज दुपारी दोघी जिन्यापाशी खुर्च्या टाकून मटार सोलत बसत. काकू विचारत, "क्वांदो?", म्हणजे कधी? त्या म्हणत, "प्रोंतो." मग त्या विचारत, "कुमूद, क्वांदो?" काकू ठसक्यात सांगत, "प्रोंतो, प्रोंतो!" एवढ्या भांडवलावर आणि हातवाऱ्यांवर एकीने आपल्या गावची ऑलिव्हची झाडं दाखवली, दुसरीने सांगलीचा प्लॉट, त्यावर बांधायच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसकट. काकूंच्या स्पॅनिशची पुढे फारशी प्रगती झाली नाही. गरजच पडली नाही.

आणि एक दिवस पिलारबाईंचं प्रोंतो खरंच आलं. मुलाचं इथलं काम संपलं. काकूंनी बेसनाचे लाडू केले, डबा स्वतः टॅक्सीत ठेवला. पिलारबाईंनी काच खाली करून विचारलं, "कुमूद, क्वांदो?"

"प्रोंतो," काकू म्हणाल्या. टॅक्सी गेली.

काकू फाटकाशी उभ्याच. मी उगाच थट्टा केली. "आता तुमचा नंबर, काकू. सांगलीला क्वांदो?"

"प्लॉट विकला रे," त्या म्हणाल्या. "हा फ्लॅट घेतला ना, त्यातच गेला. मीच सही केली."

"मग पिलारबाईंना इतके दिवस..."

"तिला कशाला सांगायचं? वाट बघणारी ती एकटीच पडली असती." मग म्हणाल्या, "आणि म्हणताना मलाही बरं वाटायचं."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात भाजीची गाडी फाटकाशी आली. या भाजीवाल्यालाही काकूंनी वर्षभरात मराठीत तयार केलेलं होतं. काकूंनी पदर सारखा केला आणि घसा खाकरला.

"भैया, मटर कैसे दिये?"

तो दचकला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सवयीने म्हणाला, "ताजे आहेत, काकू."

"हिंदी में बोलो," काकू म्हणाल्या. "मैं इधरही रहती हूँ."