कादरचाचांचा मुदपाकखाना

दुबईजवळ, उम्म अल कुवैनच्या आमच्या केटरिंग किचनमध्ये बोलायला बंदी आहे. शेठनी नव्हे, हेडकुक कादरचाचांनी घातलेली. का, तर तुर्की सुलतानाच्या महालात नोकर खुणांनीच बोलत! दापोलीच्या या गृहस्थांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात इस्तंबूल भरून घेतलंय. कान ओढला की कांदा, नाक धरलं की लसूण. एकदा त्यांनी नुसती शिंक आवरली, तर आम्ही दोन किलो लसूण सोलून बसलो.

तिथे म्हणे सुलतानाचं स्वयंपाकघर वेगळं, त्याच्या आईचं वेगळं, हलवायांचं वेगळं. आमच्याकडे शेगड्या चार. चाचांनी त्यांचीच चार खाती केली. भांडी घासणारा रफीक 'तबकांचा दारोगा' झाला. बिचाऱ्याने पगार वाढला समजून घरी फोनसुद्धा केला.

मी महाडचा, आठवी नापास. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला. चाचा 'ठीक' म्हणाले तरच व्हिसा पक्का. म्हणून असल्या येडेपणालाही मी मान डोलावतो.

"संतोष, आजपासून तू चाशनीगीर."

मी मुकाट्याने पातेलंभर साखरेचा एकतारी पाक केला.

"अरे येड्या! चाशनीगीर म्हणजे सुलतानाच्या आधी चाखणारा. विष असलं तर तो मरतो."

"आणि नसलं तर?"

"तर मीठ बरोबर आहे का सांगतो."

तेव्हापासून प्रत्येक पातेलं आधी माझ्या जिभेवर. चाचा स्वतः चमचा लावतील तर शपथ! एवढा रुबाब सुलतानालाही नसेल.

सहा महिने भरायला चार दिवस होते. मी खाली गाडीतला तांदूळ उतरवत होतो, तेवढ्यात शेठ आले आणि बिर्याणीचा घास घेऊन थुंकले. मी वर पोचलो तर ते ओरडत होते, "खारट! चाखायचं काम कुणाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मीठ मी टाकलं, शेठ. दोनदा." चाचा चक्क तोंडाने बोलले. "वर्ष झालं, मला चवच कळत नाही. याच्या जिभेवर चाललंय सगळं. याचा व्हिसा लावा, मग माझं काय ते बघा."

शेठनी बिर्याणीवर झाकण ठेवलं. "याचे पेपर उद्या टाकतो. तुमचं... इन्शाल्ला, बघू." इथे 'इन्शाल्ला, बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

ते गेल्यावर चाचांनी कपाटातून एक पुडी काढली. "बायकोनं फणसाची साटं पाठवल्येत. खा."

मी खाल्लं. "छान आहे, चाचा."

"छान नको. नीट सांग. गोड किती, फणस बरका की कापा, सगळं सांग. मागच्या वेळी मी फोनवर नुसतं छान म्हटलं, तर ती गप्पच झाली."