चेहरा शेवटी

शब्बीरभाईंनी काढलेला लग्नाचा व्हिडिओ बघताना सारखं वाटत राहतं, आता कुणाचा तरी मुडदा पडणार. नवरदेव घोड्यावरून उतरत असतो, बॅण्डवाले घाम पुसत असतात आणि कॅमेरा मात्र मांडवाच्या खांबाआड दबा धरून नवरीच्या मामावर डोळा ठेवून असतो. मग एकदम आचाऱ्याची सुरी दिसते. कापत काकडीच असते, पण अशी कापते की अंगावर काटा यावा. जवळा बाजारच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या चुलत्याचे बूट इतक्या वेळा दाखवले, की व्याही मंडळींनी त्या सज्जन माणसाची गुपचूप चौकशी केली.

वसमतला माझं बी-बियाणांचं दुकान आहे आणि त्याला लागून शब्बीरभाईंचा स्टुडिओ. गिऱ्हाईक माझ्याकडे जास्त आणि सवड त्यांच्याकडे जास्त, त्यामुळे ते बसलेले असतात माझ्याच बाकावर. साठी ओलांडलेली, केसांना मेंदी आणि गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. कॅमेरा नसला तरी पट्टा असतोच. स्वतःचं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "दुसऱ्याच्या लग्नातून सवड कुठं भेटली, भाऊ?"

या सगळ्याच्या मुळाशी एक इटालियन पिक्चर आहे.

तरुणपणी ते वारंगा फाट्यावरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये गेले होते. बाहेर पोस्टरवर एक बाई आणि तिच्या अंगावर जेमतेम टॉवेल. आत ट्रकवाले दाटीवाटीनं बसलेले. पिक्चर निघाला खुनाचा. टॉवेलवाली बाई सुरुवातीलाच मेली, आणि तीही टॉवेल न सोडता. त्यानंतर नुसते काळे हातमोजे. ते दार उघडतात, दिवा मालवतात, सुरी उचलतात, पण माणसाचा चेहरा काही दिसत नाही. पब्लिक पार्लरवाल्याच्या आईबापाचा उद्धार करत उठून गेलं. उरले एकटे शब्बीरभाई.

"म्हणजे तुम्ही खुनासाठी गेला होता?" मी विचारलं होतं.

"न्हाई भाऊ, खोटं काहून बोलू? मीबी टॉवेलसाठीच गेलतो. पण मंग त्या हाताचा नाद लागला."

भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून ते डोळे फाडून बघत बसले. अगदी शेवटी हातमोजे उतरले आणि चेहरा दिसला. तो त्या बंगल्यातल्या मोलकरणीचा होता. पहिल्या सीनपासून ती कपबशा मांडत होती, पडदे सारत होती, मेलेल्यांच्या खोल्या झाडत होती. तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"तिकडंबी हा पिक्चर पडलाच म्हणं. भाचीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. लोकायला खुनी पाहिजे व्हता वळखीचा. ही बाई कोण, कवा आली, म्हून चिडले. आता ती पहिल्यापासून समोर हाय. तुमीच पाहिलं न्हाई, त्याला डायरेक्टर काय करन?"

एरवी हा माणूस गरीब गाय, पण या पिक्चरला कुणी नावं ठेवली की चहा अर्धा टाकून उठतो.

तो पिक्चर पाहिल्यापासून शब्बीरभाईंना एकच ध्यास लागला. कोणत्या तरी एका घरानं आपण काढलेली लग्नाची फिल्म शेवटपर्यंत बघावी. बघत कुणीच नाही, हे खरंच आहे. लोक आपला चेहरा शोधतात, आपला फेटा बघतात, आपण नाचलो तेवढं दोनदा लावतात आणि उठतात. म्हणून तर त्या सुऱ्या, ते बूट आणि ते खांबाआडून टिपलेले मामा. मध्येच कुणी विचारलं, की हे काय चाललंय, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "थांबा. चेहरा शेवटी." पण थांबायला वेळ कुणाला? ड्रोनवाली पोरं आली आणि लगीनसराई शब्बीरभाईंच्या हातून निसटत गेली. ते बाकावर बसून म्हणायचे, "एक घर, भाऊ. एका घरानं बराबर शेवटापर्यंत पाहावं. मंग दुकानाला कुलूप लावलं तरी तकलीफ न्हाई."

अशात माझ्या श्रुतीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, "नांदेडहून ड्रोनवाले बोलवा. लग्न आहे आपल्याकडं, पंचनामा नाही." एकीकडे बायको आणि दुसरीकडे बाकावरचा शेजारी. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मी शेजाऱ्याच्या बाजूनं कौल दिला आणि पुढे आठवडाभर गार भाजी खाल्ली. बायकोनं एकच अट घातली, फिल्ममध्ये सुरी दिसता कामा नये.

"न्हाई दिसणार, वहिनी. बराबर," शब्बीरभाई म्हणाले.

लग्न झालं. एका रविवारी दुपारी लेक-जावई जेवायला आले, तेव्हा शब्बीरभाई पेन ड्राइव्ह आणि पिशवीत कॅमेरा घेऊन हजर झाले. सगळे टीव्हीसमोर बसलो. माझी थोरली बहीण अक्का तेवढी स्वयंपाकघरात होती. मेहुणे गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

सुरी नव्हती. पण हात होते.

पहिल्यांदा दिसले ते हळद कालवताना. मनगटापर्यंत पिवळे, चेहरा चौकटीच्या बाहेर. मग हळदीचा कार्यक्रम, हसणं, फोटो. पुन्हा ते हात, अक्षतांमधले खडे वेचताना. मग श्रुतीच्या निऱ्यांना मागून पिन लावताना. मग विहिणीला पाण्याचा तांब्या देताना. विहीण दिसते, तांब्या दिसतो, देणारं कुणी दिसत नाही.

"हे हात कुणाचे?" जावयानं विचारलं.

"थांबा. चेहरा शेवटी," शब्बीरभाई भिंतीला टेकून म्हणाले.

झालं. घरात पैजा लागल्या. बायको म्हणाली, तिच्या मावसबहिणीचे. श्रुती म्हणाली, पार्लरवालीचे. जावई जरा चौकस. तो म्हणाला, "बांगड्या न्हाईत. बाप्याचा हात हाय. वाढप्या असन."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी स्वयंपाकघराच्या दाराकडे.

कुणी उठलं नाही. पाठवणी आली. सगळे गाडीभोवती रडत होते, आणि कॅमेरा गाडीकडे पाठ करून निघाला. मंडपातून, उष्ट्या पत्रावळींमधून, थेट कार्यालयाच्या मागच्या पाण्याच्या टाकीकडे. टाकीआड अक्का उभी होती. हळदीला पुढे आली नाही, ओवाळायला आली नाही. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिथून, लांबूनच, ती श्रुतीची दृष्ट काढत होती. कानशिलावर बोटं मोडली आणि मग कॅमेरा दिसताच पदरानं तोंड झाकायच्या आत खुदकन हसली. तिथं फिल्म संपली.

मला हुंदका आवरला नाही. श्रुती तर उठून स्वयंपाकघरातच पळाली.

थोड्या वेळानं तिनं अक्काला हाताला धरून बाहेर आणलं. टीव्हीवर अक्काचं ते हसू तसंच थांबलेलं होतं. अक्का बघत राहिली. "माझं काहून काढलंस रे, शब्बीर? मी कुठं व्हते लग्नात?"

"लग्न तुमीच केलं, अक्का. बाकी समदे पाव्हणे व्हते."

मग मी त्यांना विचारलं, की इतक्या गर्दीत अक्काच कशी दिसली. शब्बीरभाईंनी गळ्यातल्या पट्ट्याशी चाळा सुरू केला.

"माझी अम्मी लोकायच्या लग्नात भांडे घासायची. वारंग्याला त्या पिक्चरमधी शेवटी चेहरा आला न भाऊ, मला वाटलं अम्मीच हाय. ती गेल्यावर तिचा एकबी फोटू निघाला न्हाई घरात. मंग गावातल्या जुन्या कॅसेटी मागून मागून पाहिल्या. शेवटापर्यंत पाहिल्या. म्हटलं कुठं तरी मागं, कोपऱ्यात सापडन. न्हाई सापडली. तवापासून कॅमेरा मागंच जातो."

अक्कानं भिंतीपाशी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर स्वतः बसली आणि दुसरीवर हात आपटला.

"ये, बस इथं. तुझाबी फोटू कोणापाशी नसन."

"मी? न्हाई अक्का, मी तर काढणारा..."

"मशीन ह्याच्यापाशी दे अन् बस म्हणते न."

शब्बीरभाईंनी पिशवीतला कॅमेरा माझ्या हातात दिला. गळ्यातला पट्टा काढावा की ठेवावा हे त्यांना ठरवता येईना. मग ते अक्काच्या शेजारी अवघडून बसले. आयुष्यभर लग्नं काढलेला माणूस, पण कॅमेऱ्यासमोर बसल्यावर कुठं बघायचं हेच त्याला कळेना. तो कधी पंख्याकडे बघे, कधी दाराकडे.

अक्कानं त्यांच्या हनुवटीला बोट लावून तोंड माझ्याकडे वळवलं.

"तिकडं पाहा," ती म्हणाली, "भाऊकडं."