सोपानआबांची ऐसपैस गॅलरी

आमचे घरमालक सोपानआबा रिकाम्या स्टेडियममध्ये टॉवेल टाकून जागा धरतात.

एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकणारी माणसं मी लातुरात पुष्कळ पाहिली आहेत. पण तिथं मागं गर्दी रेटत असते. इथं पिंपरीत पालिकेचं हॉकीचं स्टेडियम, भर दुपारचं ऊन, गॅलरीत आम्ही दोघं आणि सावलीला निजलेलं एक कुत्रं. तरी आबा मधल्या रांगेतल्या मधल्या जागेवर टॉवेल पसरणार, चारी टोकं सारखी करणार आणि मगच पाणी प्यायला जाणार. एकदा मी जरा सावली बघून कडेला बसलो, तर आबा तिकडून ओरडले, "लातूरकर, तिथं नगं! लोकं आली म्हंजी उठवत्याल तुला."

लोकं कधीच आली नाहीत. पण एवढी मोठी गॅलरी मोकळी पडली आहे असं म्हटलेलं आबांना खपत नाही. "मोकळी न्हाई, ऐसपैस हाय," असं ते लगेच सुधारतात.

मी चाकणच्या एका कंपनीत आहे. आम्हाला सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर असताना आपण घरी बसून करायचं काय? म्हणून सुरुवातीला मी आबांबरोबर गेलो, आणि मग सवय लागली. खेळ कुठलाही असो. मुलींची हॉकी, शाळांचा खो-खो, कबड्डी, काहीच नसलं तर धावण्याच्या शर्यती. ज्या सामन्याला कुणी फिरकणार नाही तो सामना आबा बरोबर हुडकून काढतात. फायनलला मात्र जात नाहीत. "तितं हायेत की बघनारं. आपलं काय काम?"

नियम एकाही खेळाचा त्यांना माहीत नाही. हॉकीत ते "औट!" म्हणून ओरडतात, खो-खोत "गोल!" पंच म्हणजे आपला शत्रू, एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं धरलंय. "ओ पंच, चष्मा इसरला व्हय घरी?" हे वाक्य त्या रिकाम्या पायऱ्यांवर आपटून तीन बाजूंनी परत येतं. एका सामन्यात माइकवरून सूचना झाली, "प्रेक्षकांनी कृपया शांतता राखावी." गॅलरीत आम्ही दोघंच, आणि मी तर शेंगा सोलत होतो. आबांनी मान वळवून मागच्या सगळ्या रांगा न्याहाळल्या आणि मला म्हणाले, "कोन गोंधळ घालतंय रं?"

कुणाच्या बाजूनं ओरडायचं याचा त्यांचा एक कायदा आहे. जो संघ जास्त लांबून आलाय, तो आपला. "जवळच्याला त्याची मानसं हायेत. लांबून आलेल्याला कोन हाय हितं?" त्यासाठी मला मोबाइलवर अंतर काढून द्यावं लागतं. चिंचवडची शाळा आणि चाकणची शाळा खेळत होती तेव्हा आबा चाकणच्या बाजूला गेले. पोरं इंद्रायणी वलांडून आल्यात, म्हणाले. झारखंड आणि केरळच्या मुलींचा सामना लागला तेव्हा मोबाइललाही नीट ठरवता येईना. आबांनी अर्धा सामना यांना दिला, अर्धा त्यांना. मध्यंतरानंतर ज्या मुलींची ते मघापासून उणीदुणी काढत होते त्यांचीच नावं घेऊन ओरडायला लागले. दोन्हीकडच्या मुली हसून बेजार.

नावं ते सामन्याआधीच विचारून ठेवतात. मुली नळावर पाण्याच्या बाटल्या भरत असतात, तिथं हे धोतराचा सोगा सावरत जाऊन उभे. "नाव काय बाय तुजं? गाव कंचं?" त्यांना मराठी येत नाही, यांना दुसरं काही येत नाही, पण नाव मात्र घेऊन येतात. ते गॅलरीपर्यंत येईतो मावळातलं होतं हा भाग वेगळा. झारखंडची सलोमी त्यांच्या तोंडी सुलोचना झाली. पण गोल वाचवल्यावर "वाघीन हाय सुलोचना माजी!" असा आवाज आला की सलोमीला बरोबर कळायचं, आणि तेवढा मोठा हातमोजा वर करून ती हलवायची.

घरी आबा एकटे. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी वैशाली ओडिशात नोकरीला. दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, की परत. "नोकरी हाय, रजा न्हाई," एवढंच आबा सांगायचे. तिच्याबद्दल त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत, आणि मीही खोदून विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलींच्या हॉकीची स्पर्धा लागली होती आणि गुरुवारी दुपारी सामना होता. मी शेंगा घेऊन खाली उतरलो. आबा ओट्यावर बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी.

"चला, आबा."

"न्हाई रं. गुडगा दुकतूय."

गुडघा दुखताना माणूस इस्त्रीचा सदरा घालत नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मी वाद घातला नाही. एकटाच गेलो. मधली रांग, मधली जागा. खाली निळ्या टर्फवर पाणी मारलेलं, मुली पळत होत्या, आणि त्यांच्या बुटांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. आबांशिवाय मला पहिल्यांदाच ती गॅलरी मोकळी वाटली.

लाल कपड्यांतल्या संघाची कप्तान सारखी वर बघत होती. बॉल बाहेर गेला की वर बघायची. मध्यंतर झालं तशी ती धावत कठड्यापाशी आली. हेल्मेट नाही, मुखवटा नाही, तरी ओळखायला मला वेळ लागला. कारण ओळखीच्या माणसाला आपण अशा ठिकाणी शोधत नाही. वैशाली होती.

"दादा, आबा कुठंयत?"

"त्यांचा गुडघा... वैशाली, तू हॉकी खेळतेस?"

"नोकरीच त्यावर आहे माझी." ती धापा टाकत होती. "आबा आले नाहीत? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. दादा, पिंपरीत एक म्हातारा असतो, नाव घेऊन ओरडतो, हे सगळ्या टीमना माहितीये. सलोमी माझ्याच टीममध्ये आहे आता. तिनं मला त्यांची नक्कल करून दाखवली आणि मी म्हटलं, अगं, बाप आहे माझा तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इथं सामना लागलाय. सकाळपासून फोन करतेय, उचलत नाहीत." तिला तिकडून कुणीतरी हाक मारली. "बघा ना जरा, दादा."

मी घरी जायला निघालो, पण तेवढं लांब जावंच लागलं नाही. स्टेडियमच्या भिंतीला लागून रसाची गाडी असते. तिच्या आडोशाला आबा उभे होते. हातातला रसाचा ग्लास भरलेलाच, आणि कान भिंतीकडे.

"आबा!"

ते चोरी पकडल्यासारखे दचकले. मग हळूच म्हणाले, "काय हुतंय आत? मगाशी फळीवर टक्क वाजलं. गोल झाला न्हवं?"

"झाला. वैशालीच्या टीमवर झाला. चला आत. ती विचारतेय तुम्हाला."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "तिनंच नगं म्हनलंय. शाळंत हुती तवा मी मॅचला गेल्तो. वरडलो. समद्या पोरी हासल्या तिला. घरी येऊन रडली, म्हनली, आबा, तुमी माज्या मॅचला येत जाऊ नका. मी म्हनलं, बरं."

"कितवीत होती तेव्हा?"

"सातवीत."

"आबा, सातवीतल्या पोरीचं बोलणं कुणी इतकं धरून बसतं का?"

"कुनाचं धरायचं मंग?" ते म्हणाले. ग्लासातला फेस बोटानं बाजूला केला. "तिकडं लांब खेळती ती. लोकं न्हाईत बघायला, म्हनती. मी हितं त्या पोरींसाटी वरडतो लातूरकर, तर तिकडं बी कुनी बसत असंल न्हवं एकादं? माज्यासारकं?"

मी त्यांच्या हातातला ग्लास काढून गाडीवर ठेवला आणि दंडाला धरून त्यांना आत आणलं. गुडघा खरोखर ठणठणीत होता. पायऱ्या ते माझ्यापुढं चढले.

वैशालीनं वर पाहिलं आणि काठी उंच केली. गोलात उभी असलेली सलोमीही दोन्ही हात वर करून नाचली. आता आबा काय गर्जना करतात म्हणून मी त्यांच्याकडं बघत होतो. आबा उठून उभे राहिले, कठडा धरला, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. सामना संपत आला तेव्हा पेनल्टी कॉर्नर मिळाला, तो वैशालीनं मारला. आबांचा आवाज फुटेना. शेवटी मीच ओरडलो. बॉल खांबाला लागून बाहेर गेला. वैशालीचा संघ हरला.

हात मिळवून झाल्यावर ती तशीच घामेजलेली वर आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"ओरडला नाहीत, आबा?"

"तू नगं म्हनली हुतीस."

"आता हो म्हणते ना."

"आता घसाच गेला गं, बाय." त्यांनी तिच्या गुडघ्यावरची सोललेली जागा पाहिली. "हळद लाव त्येला."

"लावते."

"रातच्याला ऱ्हाशील?"

"संध्याकाळची गाडी आहे. सगळ्यांची तिकिटं एकत्र आहेत."

"व्हय व्हय. समद्यांसंगं जावं."

मी शेंगांची पुडी त्यांच्यामध्ये ठेवून दोन पायऱ्या खाली जाऊन बसलो. मागं शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग बाहेर बसचा हॉर्न वाजला. ती वाकून पाया पडली, काठी उचलली आणि पायऱ्या उतरून पळाली. आबा कठड्यापाशी आले.

मैदानाच्या पलीकडच्या गेटातून लाल कपड्यांतल्या मुली एकेक करून बाहेर पडत होत्या. सगळ्यात शेवटी वैशाली होती. गेटात ती थांबली, वळली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "आबाऽऽऽ!"

आबांनी हात वर केला. बस गेल्याचा आवाज आला, तरी हात त्यांनी खाली घेतला नव्हता.