तीन मिनिटांवरचा विमानतळ

"तीन मिनिटं," नवऱ्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "या विमानतळावरून त्या विमानतळावर. मधे अख्खा तास आहे आपल्याकडे. निवांत चहा पिऊ."

तिकिटं काढतानाची ही गोष्ट. बाळाच्या बाटलीचं पाणी दोन-दोनदा उकळणाऱ्या तिने नेमका याच बाबतीत डोळे झाकून विश्वास ठेवला. आई शाळेतून निवृत्त होत होती, संध्याकाळी निरोप समारंभ होता. आईने लेकीकडे आजवर काही मागितलं नव्हतं. या वेळी फोनवर "जमलं तर ये गं" एवढंच म्हणाली होती. आईचं 'जमलं तर' किती जड असतं ते लेकीलाच ठाऊक.

पहिलं विमान वेळेवर उतरलं. कडेवर बाळ, खांद्यावर बाळाचा संसार, अशा अवतारात तिने चौकशीच्या खिडकीत पुढचं तिकीट दाखवलं. आतल्या मुलीने आधी तिकिटाकडे पाहिलं, मग बाळाकडे. बाळाकडे जरा कीव आल्यासारखं.

"मॅडम, हे नव्या विमानतळावरून सुटतं. शहराच्या पार पलीकडे."

"पण इथे तीन मिनिटं लिहिलंय," नवरा म्हणाला.

मुलीने मोबाइल नीट वाचला. "हा उड्डाणाचा वेळ आहे, सर. विमानाने गेलात तर."

"मग ते विमान कुठून मिळेल?"

"तसं विमान नाहीये, सर."

टॅक्सी पहिल्याच चौकात अडकली. समारंभासाठी खास नेसलेल्या तिच्या रेशमी साडीवर बाळाने सकाळचं दूध परत केलं. नवरा तेवढ्यात नकाशा मोठा करून बघत होता. सरळ रेषेत धरलं तर आपण खूपच जवळ आलोय, असं त्याने तिच्या माहितीसाठी सांगितलं.

"मग उतर," ती म्हणाली, "आणि सरळ रेषेत चालत जा."

पोचले तेव्हा खिडकी बंद झालेली. तिथे पिकल्या केसांचे, कडक इस्त्रीचे एक गृहस्थ कर्मचाऱ्याला मोबाइल दाखवून भांडत होते. "तीन मिनिटं लिहिलंय की नाही? वाचा तुम्हीच." नवऱ्याला जुळा भाऊ भेटल्यासारखं झालं. तो लगबगीने त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

तिने रडवेल्या आवाजात आईला फोन लावला.

आई म्हणाली, अजून काही सुरूच झालेलं नाही. प्रमुख पाहुण्यांचंही विमान चुकलंय. त्यांच्याशिवाय सुरू कसं करणार? तिचाच विद्यार्थी, आता मोठा साहेब झालाय. मोठ्या हौसेने बोलावलाय.

तिने फोन कानाशीच धरून मान वळवली. समोर ते गृहस्थ नवऱ्याला सांगत होते की बाईंच्या कार्यक्रमाला उशीर झाला, आता तोंड कसं दाखवायचं. गावाचं नाव निघालं, आणि दोघांनी मिळून एक गाडी ठरवूनही टाकली. रस्त्याने रात्र होणार होती, पण पाहुणे गाडीतच असल्यामुळे समारंभ चुकणार नव्हता.

तिने आईला सगळं सांगितलं. तीन मिनिटांसकट.

"आई, आहेस ना?"

"आहे. तीन वर्षं भूगोल शिकवलाय मी त्याला," आई म्हणाली. मग हळूच, "जावईबापूंना कोण होतं गं भूगोलाला?"