गायकवाडांचं इटलीतलं गाव

संध्याकाळी सहाला सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमधली समस्त जनता हाफ पँट आणि चपलांवर असते. त्याच वेळी लिफ्टमधून गायकवाड बाहेर पडतात ते पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून. निघालेले असतात फक्त समुद्रकाठी चालायला.

"आमच्या गावात असंच फिरतात," ते सांगतात. "अख्खं गाव नटूनथटून किनाऱ्यावर! या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. घाई करायची नाही."

गायकवाडांचं गाव म्हणजे नांदेड समजू नका. जन्म नांदेडचा, नोकरी इथल्या शिपयार्डात आणि 'आमचं गाव' इटलीत. तिथे ते आयुष्यात एकदाच गेलेत, मुलाच्या लग्नाला. ती त्याची सासुरवाडी. पण रुबाब असा, की तिथल्या सरपंचाने यांचा सल्ला घेऊन पाणी सोडावं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या स्टॉल्सवर, जेवणानंतर कुणी दुधाची कॉफी मागितली की यांचा चेहरा पडतो. "दुपारी दूध? आमच्या गावात हसतील!" जेवून कुणी समुद्रात पाय घातला तर, "अहो, आमच्या गावात आज्या ओरडतात!" तिथल्या किनाऱ्यावर म्हणे छत्र्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली.

मला हा माणूस सहन होत नसे. कारण, माझी मुलगी ईशा. मी मराठीत काहीही विचारलं तरी "ओके लाह" एवढंच उत्तर देणारी ही पोरगी गायकवाडांबरोबर फिरताना तासभर मराठीत खिदळते. मी तांजोंग पगारच्या ऑफिसातून धापा टाकत घरी पोचतो, तेव्हा बाईसाहेब केस विंचरून बाहेर पडत असतात.

"माझ्याबरोबर चल की," मी एकदा म्हणालो.

"बाबा, तू चालताना ऑफिसचे कॉल घेतोस. काका गोष्टी सांगतात."

दुसऱ्या दिवशी मीही इस्त्रीचा शर्ट चढवला. "कुणाचं लग्न?" बायकोने विचारलं. मी तो काढून ठेवला.

पंधरा ऑगस्टला मात्र मी त्या दोघांच्या मागोमाग गेलोच. गायकवाड जेट्टीवर उभे राहिले, केसांवरून हात फिरवला आणि फोन समोर धरला. पडद्यावर इटलीतली भर दुपार. छत्रीखाली एका गोऱ्या, टकल्या आजोबांच्या, म्हणजे यांच्या व्याह्यांच्या, मांडीवर गायकवाडांची छोटी नात.

"आयोबा!" ती ओरडली. तिला 'आजोबा' जमत नाही. मग ती भराभरा इटालियनमध्ये बोलत सुटली. गायकवाड "सी, सी", म्हणजे "हो, हो", करत राहिले. तेवढ्यात तिकडे बँड वाजला. तिकडे त्या दिवशी मेरीमातेचा सण; तिची मूर्ती होडीतून समुद्रात निघाली होती. त्या आजोबांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन उंच धरला, अगदी शेवटची होडी दिसेनाशी होईपर्यंत.

फोन बंद झाला.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"कळलं नाही. पण खुशीत होती." गायकवाडांनी फोन शर्टाला पुसला. "रोज भेटते ती त्यांना. पोहायला तेच शिकवतात. मला होड्या दिसाव्यात म्हणून हात दुखेपर्यंत फोन धरतात, पाहिलंत ना?"

ईशाने त्यांचा दंड धरला. माझा हात धरून ती शेवटची कधी चालली होती, ते मी आठवू लागलो.

गायकवाड पाण्याकडे बघत होते. "माणूस वाईट असता ना," ते म्हणाले, "तर सोपं गेलं असतं हो."